पुण्याच्या वॉक-इनला तीन आठवडे राहिलेत, केबिन क्रूच्या इंटरव्ह्यूची तयारी कशी करू?

प्रश्न विचारणारी मुलगी प्रयाग चिखलीची आहे, वय २१, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला, शाळा पूर्ण मराठी मीडियम, उंची १५७ सेंटीमीटर, वजन ५६ किलो, वडिलांची पन्हाळा रोडला छोटी खानावळ. तीन आठवड्यांनी पुण्यात एका एअरलाइनचा केबिन क्रूसाठी, म्हणजे विमानात प्रवाशांची काळजी घेणाऱ्या स्टाफसाठी, वॉक-इन इंटरव्ह्यू आहे, थेट जाऊन द्यायचा. ती म्हणते इंग्लिश अडखळतं, अनुभव शून्य आहे, बाबा नको म्हणतात, आणि कोल्हापुरातलं एक इन्स्टिट्यूट सव्वा लाख भर, गॅरंटी देतो म्हणतंय. आणि शेवटी विचारलंय की इंटरव्ह्यूत गावाचं नाव सांगू की नुसतं कोल्हापूर सांगू.

अगं, आधी माझी ओळख सांगते म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल. मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतली, अकरा वर्षं क्रू म्हणून उडले, आधी डोमेस्टिक आणि मग गल्फच्या एअरलाइनला, शेवटची तीन वर्षं नवीन मुलामुलींना ट्रेनिंग द्यायचे आणि भरतीच्या पॅनलवर बसायचे. म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झालंय. आता घरी परत आलेय आणि ओळखीपाळखीच्या पोरींची तयारी करून घेते.

तुझ्या प्रश्नातलं एकच वाक्य मला खटकलं, "अनुभव शून्य आहे". त्याच प्रश्नात वर तू लिहिलंस की रविवारी जोतिबाला जाणाऱ्यांची गर्दी असते म्हणून तू खानावळीत हाताखाली असतेस, आणि २०१९ च्या पुरात तुमचं घर पाण्यात होतं, आजीला बोटीतून बाहेर काढलं. आणि ह्याला तू शून्य म्हणतेस! तीन आठवड्यांत तुला नवीन काही व्हायचं नाहीये, जे तू आधीच केलंयस ते साध्या इंग्लिशमध्ये सांगता यायला पाहिजे, माझं सगळं उत्तर ह्याच्याभोवतीच आहे.

पण त्याआधी मापाचं बोलू, कारण तिथं पहिल्या दहा मिनिटांत मुली बाहेर जातात आणि त्यांना का ते कळतही नाही. आपल्याकडच्या बहुतेक एअरलाइन्स मुलींसाठी किमान १५५ सेंटीमीटर उंची मागतात, तू १५७ आहेस, पण घरी भिंतीला टाच लावून, चप्पल काढून, डोक्यावर पुस्तक सपाट धरून परत मोज, कारण कॉलेजच्या फॉर्मवर लिहिलेली उंची आणि खरी उंची ह्यात दोन सेंटीमीटरचा फरक मी कितीतरी वेळा बघितलाय. पुढंमागं गल्फला जायचं मनात असेल तर एमिरेट्सला किमान १६० सेंटीमीटर उंची लागते, आणि शिवाय टाचा उचलून हात वर केल्यावर बोटं २१२ सेंटीमीटरला टेकायला लागतात, कतार एअरवेजलाही २१२ चा रीच आहेच, आणि दोन्हीकडं वय किमान २१. हे असं का, तर वरच्या लगेज बिनमध्ये आणि त्याच्या शेजारी सेफ्टीचं सामान असतं, ऑक्सिजनची बाटली, आग विझवायचं सिलिंडर, ते गरज पडली तर स्टूल न शोधता हाताला लागलं पाहिजे. पॅनलवर कोणी "उंची का लागते" विचारलं तर हेच सांगायचं, "पर्सनॅलिटीसाठी" असं म्हणायचं नाही.

वजनाचं गणित पण करून ठेव. किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, तो बीएमआय. १.५७ चा वर्ग साधारण २.४६, तुझं ५६ भागिले २.४६ म्हणजे २२.७ च्या आसपास. मुलींसाठी बऱ्याच ठिकाणी १८ ते २२ बघतात, म्हणजे तुझ्या उंचीला साधारण ४५ ते ५४ किलो. दोन किलोचा प्रश्न आहे, आणि तो तीन आठवड्यांत रंकाळ्याला रोज सकाळी तासभर चालून, रात्रीचा भात बंद करून सुटतो. पण उपाशी राहू नकोस, अजिबात नको. पुण्याच्या वॉक-इनला सकाळी आठपासून दुपारी तीनपर्यंत हील्सवर उभं राहायला लागू शकतं, मी माझ्या डोळ्यांनी एक मुलगी लाईनीत चक्कर येऊन पडलेली बघितली, चार दिवस काकडी आणि लिंबूपाण्यावर होती ती, आणि गुणाची मुलगी होती गं, हातचं गेलं तिचं.

टॅटू दिसणाऱ्या जागी असेल तर बहुतेक ठिकाणी नाहीच घेत, तुला नाहीये असं धरते. चष्मा असेल तर कॉन्टॅक्ट लेन्सची आत्ताच सवय कर, आदल्या दिवशी नको.

आता इन्स्टिट्यूट. सरळ सांगते, सव्वा लाख भरू नकोस. केबिन क्रू व्हायला कुठल्याही खासगी इन्स्टिट्यूटचा डिप्लोमा लागत नाही, बारावी पास लागते, आणि सिलेक्ट झाल्यावर एअरलाइन स्वतः काही महिन्यांचं ट्रेनिंग देते, सेफ्टीचं, फर्स्ट एडचं, आग विझवायचं, पाण्यात उतरायचं, परीक्षा असतात आणि नापास झालं तर घरी पाठवतात. तेच ट्रेनिंग खरं, त्याच्याशिवाय कोणालाच विमानात ड्युटी देत नाहीत. माझ्या मावसबहिणीनं कर्ज काढून एका ठिकाणी वर्षभराचा कोर्स केला, वर्षभर मेकअप आणि "वॉक" शिकवला, इमर्जन्सी दरवाज्याबद्दल एक तास नाही, आणि गॅरंटी म्हणून जी नोकरी दिली ती मॉलमधल्या काउंटरवरची. कर्ज माझ्या काकांनी तीन वर्षं फेडलं. इंग्लिश बोलायचा साधा क्लास लावायचा असेल तर लाव, राजारामपुरीत गल्लोगल्ली आहेत. पण "आमच्यातर्फे सीट पक्की" म्हणणारा माणूस भेटला की तिथून उठायचं. एअरलाइन इंटरव्ह्यूसाठी किंवा ऑफर लेटरसाठी पैसे मागत नाही. युनिफॉर्मचं डिपॉझिट, मेडिकलची फी असं म्हणून कोणी फोनवर पैसे मागितले तर तो फ्रॉड आहे, जाहिरात एअरलाइनच्या स्वतःच्या वेबसाइटच्या करिअर पेजवर आहे का ते आधी बघायचं.

कागदपत्रं एका पारदर्शक फोल्डरमध्ये, दहावी बारावीची मार्कशीट, आधार, पॅन, पासपोर्ट, सीव्हीच्या तीन प्रती, पासपोर्ट साइज आणि फुल लेन्थ फोटो फॉर्मल कपड्यांत. इथं एक आपल्याकडची गंमत नसलेली अडचण आहे. बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी येतं, मग नाव, मग वडिलांचं नाव, आधारवर वेगळा क्रम, आणि पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा. स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक असला, पाटीलमध्ये कुठं आय कुठं दोन ई, तरी जॉइनिंगच्या वेळी धावपळ होते, ते आज रात्री सगळं समोर ठेवून ताडून बघ. पासपोर्ट नसेल तर उद्याच अर्ज कर, साध्या ३६ पानांच्या पासपोर्टची फी १५०० रुपये, तत्काळला वरती २००० जास्त. काही ठिकाणी अर्जाची पावती दाखवली तरी पहिल्या राऊंडला चालतं, जाहिरातीत नीट वाच.

कपडे. जाहिरातीत वेस्टर्न फॉर्मल म्हटलं असेल तर गुडघ्यापर्यंतचा काळा किंवा नेव्ही स्कर्ट, पांढरा किंवा फिकट शर्ट, स्किन कलर स्टॉकिंग, दीड दोन इंचाची बंद चप्पल म्हणजे पंप्स. महागाचं काही नको, लक्ष्मीपुरीतनं कापड घेऊन ओळखीच्या टेलरकडनं शिवून घेतलेला स्कर्ट रेडिमेडपेक्षा चांगला बसतो. पण तो घालून खुर्चीत बसून बघ, जिना चढून बघ, खाली पडलेली वस्तू गुडघे जुळवून उचलून बघ. तू आजवर स्कर्ट घातला नसशील तर शरीर आखडतं आणि ते पॅनलला लगेच दिसतं, म्हणून आजपासून रोज संध्याकाळी अर्धा तास घरात स्कर्ट आणि हील्स घालून वावर, खानावळीतली भांडी उचल, आईला हसू दे.

केसांचा अंबाडा हा एकटाच विषय तासाचा आहे. महाद्वार रोडला डोनट म्हणजे अंबाड्यात घालायचं गोल रिंगण, बारीक जाळी आणि यू पिना मिळतात, त्या दिवशी सकाळी केस धुवायचे नाहीत, एक दिवस जुने केस बरे धरतात, आधी घट्ट पोनी, त्याच्यावर डोनट, केस चारी बाजूंनी पसरून रबर, मग जाळी, मग पिना, आणि कानामागचे बारीक केस जेल लावून जुन्या टूथब्रशनं मागं. दहा मिनिटांत जमायला पाहिजे. पहिल्या दिवशी चाळीस लागतील, रोज केलं तर आठवड्यात हात बसतो. नखं छोटी, एकाच रंगाची, कुठंही पापुद्रा निघालेला नको. गजरा, मोठी टिकली, हातभर बांगड्या त्या दिवशी घरी.

दिसण्याचं इथं संपलं. गोरी आहेस का सावळी ह्याचा संबंध नाही, मी पॅनलवर असताना रंगावरून एकाही मुलीबद्दल बोलणं झालं नाही. नीटनेटकी आहे का आणि स्वतःची काळजी घेते का, एवढंच बघतात.

आता तुझ्या खऱ्या भीतीकडं, इंग्लिश. बघ, पॅनलला ऑक्सफर्डचं इंग्लिश नको असतं, समोरच्याला कळेल असं, न घाबरता बोललेलं पाहिजे असतं. मी पहिल्या दोन इंटरव्ह्यूत बाहेर गेले, आणि दोन्ही वेळा पाठांतरामुळं. "आय अ‍ॅम अ हार्डवर्किंग अँड डेडिकेटेड पर्सन" इथपर्यंत गाडी धावायची आणि मध्येच कोणी साधं "सकाळी नाश्ता काय केला" विचारलं की सगळं पुसून जायचं. तिसऱ्या वेळी मी पाठ केलंच नाही. माझ्या वडिलांचं गूळ मार्केटला अडत दुकान होतं, तिथं बाहेरगावचे व्यापारी कसे यायचे, भाषा येत नसली तरी मी त्यांना चहा देऊन कसं बसवायचे ते सांगितलं, व्याकरण चुकत होतं पण बाई पुढं सरकून ऐकायला लागल्या. तिथं घेतलं मला.

रोजचा अभ्यास असा कर. सकाळी वीस मिनिटं मोठ्यानं वाचन, मनात नाही, मोठ्यानं. इंग्लिश पेपरमधली एक बातमी चालेल, विमानातली अनाऊन्समेंट मिळाली तर जास्त चांगलं. मोबाइलवर रेकॉर्ड कर आणि ऐक. आपण मराठी लोक कुठं अडकतो ते मला माहितेय, "वेज" आणि "वेट" दोन्हींचा व सारखाच काढतो, "प्लेझर"चं "प्लेजर" करतो, आणि वाक्याच्या शेवटी आवाज टाकून देतो. आणि कोल्हापूरकरांचं खास म्हणजे वेग, आपण भांडत नसलो तरी भांडल्यासारखं वाटतं बाहेरच्यांना. मुद्दाम सावकाश बोल. आणि हिंदी विसरू नकोस, अनाऊन्समेंट हिंदीतपण करायला लागते आणि आपली हिंदी म्हणजे "मेरेको बोला था ना", "हमको जाने का है". "मेरेको"च्या जागी "मुझे" आणि "जाने का है"च्या जागी "जाना है", एवढी दोन खोडं काढलीस तरी पन्नास टक्के हिंदी सुधारते. आवाज मोठा आहे त्याची लाज मात्र वाटून घेऊ नकोस, तो आवाज कामाचा आहे, का ते पुढं सांगते.

संध्याकाळी एक गोष्ट. खरी, तुझी स्वतःची. काय झालं होतं, माझ्यावर काय आलं, मी काय केलं, शेवट काय झाला, ह्या चार पायऱ्यांत, दीड मिनिटात. तीन आठवड्यांत सहा सात गोष्टी तयार होतात, आणि पॅनलचे बहुतेक प्रश्न त्याच गोष्टींनी सुटतात. रागावलेल्या माणसाला कसं सांभाळलं, चूक झाली तेव्हा काय केलं, न पटणाऱ्या माणसाबरोबर काम कसं केलं, घाईत काय आधी केलं. खानावळीत ह्यातलं काय घडलं नाही सांग बघू?

एक उदाहरण जवळनं दाखवते. नेहमीचा प्रश्न आहे, व्हेज मागितलेल्या प्रवाशाला चुकून चिकन सँडविच गेलं, एक घास खाल्ला आणि तो चिडला, तू काय करशील. नव्वद टक्के मुली म्हणतात, "आय विल से सॉरी अँड गिव्ह हिम व्हेज". मग पॅनल विचारतं, व्हेज संपलंय. मग गप्प. आता तू खानावळीत आठव. जैन पाहुणा आलाय, वाढप्यानं चुकून पांढऱ्या रश्श्याच्या पळीनं डाळ वाढली. तू काय करशील? आधी ताट उचलशील, लगेच, वाद न घालता. पाणी देशील. चूक आमची आहे म्हणशील, वाढप्याचं नाव घेणार नाहीस. बाबांना जाऊन सांगशील, लपवणार नाहीस. मग जे आहे त्यातनं काहीतरी, दही, फळं, पापड, हे चालेल का असं विचारशील, स्वतः ठरवणार नाहीस. आणि तो जाईपर्यंत दोनदा त्याच्या टेबलाशी जाऊन येशील. झालं. विमानात बाबांच्या जागी सीनियर क्रू आणि दह्याच्या जागी नट्सचं पाकीट, बाकी सगळं तेच. आणि हे सांगताना "माझ्या वडिलांच्या खानावळीत असं झालं होतं" अशी सुरुवात केलीस की ते उत्तर तुझं होतं, हॉलमधल्या दुसऱ्या कोणाकडंच ते नसतं.

दारू जास्त झालेला प्रवासी हा प्रश्नपण येतो. लक्षात ठेव की आपल्याकडं डोमेस्टिक फ्लाइटमध्ये दारू देतच नाहीत, इंटरनॅशनलला देतात. त्यामुळं डोमेस्टिक एअरलाइनच्या पॅनलसमोर "आय विल गिव्ह हिम लेस ड्रिंक" म्हटलंस तर तुला कामच माहीत नाही असं दिसतं.

ग्रुप राऊंडबद्दल. आठ दहा जणांना एक विषय देतात, एखादं चित्र, किंवा हॉटेलमध्ये एकच खोली शिल्लक आहे आणि पाच पाहुणे आहेत, कोणाला द्याल, असलं काहीतरी. उत्तर बरोबर का चूक कोणी बघत नाही. मी एकदा अशाच टेबलाशेजारी वही घेऊन बसले होते. एक मुलगा फाडफाड इंग्लिश बोलत होता, सगळ्यांना तोडत होता. कोपऱ्यात एक मुलगी पाच मिनिटं काहीच बोलली नव्हती, घामेजली होती. गडहिंग्लजकडची एक मुलगी होती, तिचं इंग्लिश तुझ्याएवढंच असेल, ती थांबली आणि त्या कोपऱ्यातल्या मुलीकडं वळून म्हणाली, "वी डिडन्ट हिअर यू, व्हॉट डू यू थिंक?" एवढंच एक वाक्य. माझ्या आणि शेजारच्या मॅडमच्या वहीत एकाच वेळी टिक झाली. तो मुलगा त्या राऊंडला बाहेर गेला, ती मुलगी उडतेय अजून.

आणि राऊंड फक्त आत नसतो. बाहेर हॉलमध्ये बसलेल्या असता तेव्हापण एचआरची माणसं फिरत असतात. कोणाच्या स्कर्टचा हूक तुटला तर सेफ्टी पिन द्यायची, रजिस्ट्रेशनच्या मुलाला थँक्यू म्हणायचं, खुर्चीवर बॅग ठेवून जागा अडवायची नाही. हे दाखवायला करू नकोस, तू घरी पाहुण्याला जशी वागतेस तशीच वाग.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि जे बहुतेक मुली तयारच करत नाहीत. क्रू विमानात कशासाठी असतो? नुसतं जेवण वाढायला नाही, पाच सहा तासांत कोणी भुकेनं मरत नाही. नियम सांगतो की साधारण दर ५० सीटमागं एक क्रू पाहिजे, म्हणून ७८ सीटच्या एटीआर विमानात दोघी असतात आणि १८६ सीटच्या ए३२० मध्ये चौघी. हा हिशोब ट्रॉलीसाठी नाही, विमान रिकामं करण्यासाठी आहे. मोठ्या प्रवासी विमानाला मान्यता मिळते तेव्हा अर्धे दरवाजे बंद धरून ९० सेकंदांत सगळे बाहेर येतात हे दाखवावं लागतं. "व्हॉट इज द रोल ऑफ केबिन क्रू" ह्या प्रश्नाला जी मुलगी सेफ्टी आधी आणि सर्व्हिस नंतर सांगते तिच्याकडं पॅनल मान वर करून बघतं.

२ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं ए३५० हे मोठं विमान उतरताना रनवेवर कोस्टगार्डच्या विमानाला धडकलं आणि पेटलं. कोस्टगार्डच्या विमानातले पाच जण गेले. पण ए३५० मधले सगळेच्या सगळे ३७९ लोक बाहेर आले. आत अनाऊन्समेंटची सिस्टिम बंद पडली होती, आठ दरवाज्यांपैकी तीनच वापरता आले, क्रूनं मेगाफोन आणि स्वतःच्या गळ्यानं ओरडून लोकांना वळवलं, आणि लोकांनी बॅगा तिथंच सोडल्या. बॅगा सोडल्या ह्याचा जीव वाचायला मोठा हातभार लागला. म्हणून म्हटलं आवाजाची लाज नको.

आणि आता तू तुझ्या आजीचं आठव. तू लिहिलंयस की बोट दारात आली तरी आजी ट्रंक घेतल्याशिवाय निघेना, म्हैस सोडून यायला तयार नाही, शेवटी तू तिचा हात धरून "आजी, आधी तू, ट्रंक मग" म्हणून ओरडलीस आणि बोटीत बसवलंस. पंधरा वर्षांची होतीस तू तेव्हा. पोरी, इव्हॅक्युएशनमध्ये, म्हणजे विमान घाईनं रिकामं करताना, काय करायचं तर आम्ही नेमकं हेच शिकवतो, "लीव्ह एव्हरीथिंग, कम धिस वे", छोटं वाक्य, मोठा आवाज, हात धरून दिशा. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याला धोक्याची पातळी ४३ फूट आहे आणि त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं, हे आकडे तुला झोपेतपण येत असतील, ते सांग. आधी पाणी कुठवर होतं, मग आजी, मग ट्रंक, मग तुझं वाक्य, मग सुरक्षित जागी, सोनतळीला पोचल्यावर तू काय केलंस. दीड मिनिट. रडू आलं तर थांबायचं, पाणी प्यायचं, परत बोलायचं, त्यानं काही बिघडत नाही.

बऱ्याच मुली नीरजा भनोतचं नाव घेतात. घे, पण माहिती नीट पाहिजे. पॅन अ‍ॅम एअरलाइनची फ्लाइट ७३, कराचीत अपहरण, ५ सप्टेंबर १९८६, ती सीनियर पर्सर म्हणजे केबिन क्रूची प्रमुख होती, प्रवाशांना वाचवताना गेली, वाढदिवस दोन दिवसांवर होता, २३ पूर्ण होणार होते, अशोकचक्र मिळालं. पॅनलसमोर तिच्याबद्दल बोलताना एअरलाइनचं नाव चुकलेलं मला सहन व्हायचं नाही, आम्हा सगळ्यांनाच.

कंपनीची माहिती एक पान पुरे. कधी सुरू झाली, कुठली विमानं, कुठं कुठं जाते. बदल झालेत ते बघून जा, एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये टाटांकडं परत आली, विस्तारा नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यातच विलीन झाली, आकासा ऑगस्ट २०२२ ला सुरू झाली. जुन्या नोट्स वाचून कोणी "माझी आवडती एअरलाइन विस्तारा" म्हटलं तर पुढचं बोलणं अवघड होतं.

"व्हाय केबिन क्रू" ला "मला जग फिरायचंय" म्हणू नकोस. फिरायला मिळतं, पण पहाटे दोनला उठून, एका दिवसात चार सेक्टर म्हणजे चार फ्लाइट करून, पाय सुजवून. मला लोकांचं करायला आवडतं आणि गडबडीत माझं डोकं शांत राहतं, हे खरं असेल तर हेच सांग. आणि पोहता येतं का विचारतील. तुमच्याकडं पाठीला डबा बांधून नदीत शिकवतात ना पोरांना? येत असेल तर सीव्हीवर लिही, ट्रेनिंगमध्ये पाण्यातला भाग असतोच.

बाबांचं बोलते. माझे वडील सहा महिने माझ्याशी धड बोलत नव्हते. त्यांची भीती नोकरीची नव्हती, रात्री अपरात्री पोरगी कुठं असेल ही होती. म्हणून भांडू नकोस, माहिती दे. घरापासून एअरपोर्टपर्यंत आणि परत बहुतेक ठिकाणी कंपनीची गाडी असते, लेओव्हरला म्हणजे बाहेरगावच्या मुक्कामाला हॉटेल कंपनी बघते, सगळा क्रू एकत्र जातो येतो. लग्नानंतर काय, हे विचारतील. पहिल्या बाळंतपणाला नोकरीवरून काढायचा एअर इंडियाचा जुना नियम सुप्रीम कोर्टानं १९८१ मध्येच रद्द केला, आज मुलंबाळं असलेल्या कितीतरी जणी उडतात. एक दिवस त्यांना पुण्याच्या विमानतळावर घेऊन जा, अरायव्हलच्या बाहेर उभे राहा. ड्युटी संपवून बॅग ओढत येणाऱ्या क्रूच्या पोरी बघू देत त्यांना, आपल्या घरातल्यासारख्याच दमलेल्या असतात. माझे वडील महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला आले होते, ट्रेनिंग सेंटरच्या गेटवर तासभर उभे राहिले, आम्ही पोरी धुरानं भरलेल्या खोलीतनं रांगत बाहेर यायची प्रॅक्टिस करून काळ्या तोंडानं बाहेर आलो, ते बघितलं त्यांनी. जाताना फक्त "जेवत जा" म्हणाले. त्यानंतर कधी अडवलं नाही.

पुण्याला आदल्या दिवशीच पोच, नातेवाईकाकडं राहा. पहाटेची एसटी धरून थेट जाते म्हणशील तर हायवेवर कुठं अडकलीस की संपलं, आणि पाच सहा तास बसून स्कर्टच्या घड्या मोडतात ते वेगळंच. पर्समध्ये केळं, पाण्याची बाटली, जादा स्टॉकिंग, पिना, बँडेड. पहिल्या वेळी नाही झालं तर कारण सांगत नाहीत, विचारूनपण उपयोग नसतो, परत कधी अर्ज करता येतो तेवढं विचारून ये आणि त्याच रात्री कुठला प्रश्न आला, कुठं अडकलीस ते वहीत लिहून काढ.

आणि गावाचं विचारलंयस ना. चिखलीच सांग. "आय अ‍ॅम फ्रॉम चिखली, अ व्हिलेज निअर कोल्हापूर, व्हेअर द रिव्हर्स मीट." नुसतं कोल्हापूर म्हटलंस तर ते चप्पल आणि मिसळ म्हणतील आणि पुढच्या प्रश्नाकडं जातील. नद्या म्हटलंस की कोणीतरी विचारणारच, मग पूर येतो का तुमच्याकडं. तिथं दोन सेकंद थांब, आणि आजीच्या ट्रंकेपासून सुरुवात कर.